परतताना हवा कमी कर

नागपूर, १८ मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. तिकडे अमेरिकेत ऑटोक्रॉस खेळायला जुनी गाडी घेते असं तू म्हणालीस, त्यावर "सर्कशीत जायचं असेल तर तिकीट काढून जा" असं मी म्हणालो, ते खरं. म्हणायला नको होतं. आता दुपारचे तीन वाजलेत. कूलरच्या ताट्या परवाच बदलल्या म्हणून घरात वाळ्याचा वास आहे, आणि गच्चीवरच्या कुरड्यांवर कबुतरं बसू नयेत म्हणून आई एवढ्या उन्हात वर-खाली करून राहिली आहे. हे कागदावर लिहून फोटो पाठवीन. फोनवर टाइप केलं की राग येतो त्याच क्षणी बोट पाठवून मोकळं होतं.

तू पाठवलेल्या तिन्ही गाड्यांची माहिती रात्री नीट वाचली. ते ऑटोक्रॉस काय असतं तेही बघितलं. तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकतच नव्हतो. मोकळं पार्किंग नाहीतर जुनी धावपट्टी, त्यावर मांडलेले केशरी कोन, आणि मिनिटभराची फेरी. एका गाडीच्या अंगावर दुसरी यायचा प्रश्न नाही. कोन पाडला की दोन सेकंद दंड. हेल्मेट सक्तीचं. आपली फेरी नसेल तेव्हा दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलून जागेवर ठेवायचे, हे मला फार आवडलं. थोडक्यात आपल्या आरटीओचा आठच, घड्याळ लावून. आणि हे खेळ भरवणारी ती एससीसीए, म्हणजे अमेरिकेतला स्पोर्ट्स कारवाल्यांचा क्लब, १९४४ ची, आपल्या एसटीपेक्षा चार वर्षांनी मोठी. तेव्हा मैदानाची मला भीती नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

माझा जीव अडकतो तो परतीत. एकदाच लिहितो आणि संपवतो. दिवसभर ऊन, डोक्यात ती सेकंदं, आणि मग घरापर्यंत दोन तासांचा सरळ रस्ता. वळणावर कुणी झोपत नाही, मनू. सरळ रस्त्यावरच डोळा लागतो. झालं. आता गाडीचं.

मस्टँगबद्दल लिहीत नाही. ती तू मला चिडवायला यादीत टाकली आहेस.

होंडा सिव्हिक एसआय २००९ ची. इंजिन देखणं आहे, ८००० आरपीएमपर्यंत फिरतं. ओढ पुढच्या चाकांवर, म्हणजे बर्फात रोज ऑफिसला जायला सोयीची. पण त्या पिढीला तिसऱ्या गियरची तक्रार असते, टाकताना खरखरतो. गाडी गार असतानाच चालवून बघ, दुसऱ्यातून तिसऱ्यात जरा चढवून टाक. "मॅडम, गरम करूनच ठेवली आहे" असं विकणारा म्हणाला की समजायचं. शिवाय ती एवढे हिवाळे ओहायोतच राहिली आहे. आपल्याकडे गाडी उन्हाने मरते, डॅशबोर्ड तडकतो, रबर वाळतं. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून खातं. वरचा रंग बघून भुलू नको. जॅकवर चढवून खाली टॉर्च मार, ब्रेकचे पाईप आणि जॅक लावायच्या जागा बघ.

राहिली ती सायन एफआरएस, २०१३ ची. तुझं मन तिच्यावरच आहे. बाकीच्यांचे दोन-दोन फोटो पाठवलेस, हिचे नऊ. गाडी मलाही आवडली. साडेबाराशे किलोच्या आसपास वजन, २०० हॉर्सपॉवर, ओढ मागच्या चाकांवर, एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून लागतं ते लिमिटेड स्लिप डिफरन्शियल मुळातच आहे. ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मधे थोडी मरगळते, तो तिचा स्वभाव आहे, त्यावरून विकणाऱ्याशी भांडू नको. भांडायचंच तर वॉल्व्ह स्प्रिंगवरून, म्हणजे इंजिनातल्या झडपांच्या स्प्रिंगांवरून भांड. २०१३ च्या मॉडेलच्या स्प्रिंगा तुटू शकतात म्हणून २०१८ मध्ये त्या गाड्या परत बोलावल्या होत्या. आता विचार कर, इंजिन आडवं, हेड दोन्ही बाजूंना, स्प्रिंगा बदलायच्या तर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. उतरवणं कोणालाही जमतं. पुन्हा बसवणाऱ्याचा हात कसा होता, त्यावर त्या गाडीचं पुढचं आयुष्य. ते काम झाल्याचा कागद आणि त्यानंतर गाडी किती चालली ते विचार. कागद नसेल तर उठून ये.

त्यापेक्षा २०१७ नंतरची बघ ना. तेव्हा नाव टोयोटा ८६ झालं, मॅन्युअलला २०५ हॉर्सपॉवर आहेत आणि फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीचा शेवटचा गियर, ४.१ चा ४.३ केला आहे. कोनांमधून सुटताना फरक कळेल. पैसे कमी पडले तर सांग. माझी एक एफडी जुलैत सुटते आहे. दादाला बोलू नको.

आणि आधीच्या मालकाने स्प्रिंगा बसक्या करून, सायलेन्सर बदलून, इंजिनाच्या कॉम्प्युटरशी खेळून ठेवलं असेल तर फुकट दिली तरी नको. असले पोट्टे गाडी पाच वर्षं पिळतात आणि विकताना धुऊन आणतात.

मी तरी कोणत्या तोंडाने सांगतो म्हणा. एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काढली, आणि २००२ मध्ये सेकंडहँड फियाट घेताना मीच फसलो. तुला आठवतं का? तू सहा वर्षांची होतीस. पाऊस नुकताच थांबला होता, रेशीमबागेच्या बाजूला डबक्यातून गाडी निघाली आणि मागच्या काचेला नाक लावून तू म्हणालीस, "बाबा, आपल्या गाडीला चार रेघा आहेत." मी उतरून बघितलं. कोरड्या डांबरावर चाकांच्या ओल्या खुणा, मागच्या पुढच्यांवर पडतच नव्हत्या, सगळ्या एकाच बाजूला सरकलेल्या. मागचा ॲक्सल दीड बोट हललेला. कधीतरी चांगली ठोकलेली गाडी रंगवून माझ्या गळ्यात मारली होती. वर्कशॉपमध्ये मी हे कुणालाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

तर तेच कर. विकणाऱ्याला सांगून दोन बादल्या पाणी सपाट जागी ओत, त्यातून गाडी सरळ, हळू काढ आणि उतरून मागे बघ. पुढच्या-मागच्या चाकांची रुंदी थोडी वेगळी असू शकते, पण फरक डाव्या-उजव्या बाजूला सारखाच पडला पाहिजे. मग डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा बघ, सुरकुती नको. बॉनेट उघडून मडगार्डच्या बोल्टांवर नख फिरव, डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. काहून लागला ते विचार. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायरांचे बघ. कागदावर सॅल्व्हेज (मोडीत काढलेली) किंवा रिबिल्ट (त्यातून पुन्हा उभी केलेली) लिहिलेलं दिसलं की पुढचं काही बघूच नको.

आणि तरीही, सगळं नीट निघालं तरीही. बंडूकाकाची गाडीही नीटच होती. ब्रेक आदल्या दिवशी मीच बघितले होते. जाताना काही झालं नाही. परतताना, मनसर ओलांडल्यावर. ब्रेकचा दोष नव्हता, पंचनाम्यातही तेच आहे.

बघ, पुन्हा तिथेच आलो. आई म्हणते, तुम्ही गाडी शिकवायला बसता आणि शोकसभा भरवता. माफ कर. तू एकोणतीस वर्षांची आहेस, तुझ्या पैशाने घेते आहेस आणि माझ्यापेक्षा बरी चालवतेस. हे मला पीथमपूरलाच कळलं होतं. बाहाला, म्हणजे इंजिनीअरिंग कॉलेजांच्या त्या स्पर्धेला, तुम्ही स्वतः बनवलेली ती पाईपांची गाडी घेऊन गेलात, चार तासांची शर्यत, आणि तुझी पाळी आली तेव्हा मी कुंपणाला धरून उभा होतो. धुळीतून पिवळं हेल्मेट यायचं, मी मोजायचो. शेजारी एका मुलाचे वडील म्हणाले, "वो कौन चला रहा है?" मी लगेच काही बोललो नाही. पुढच्या फेरीला तू पुन्हा आलीस तेव्हा म्हणालो, "मेरी लड़की है।" तो ताप आणि तो आनंद दोन्ही अजून माझ्याकडे आहेत. परत येताना तू ट्रकमध्ये गाडीजवळ झोपली होतीस आणि मी ड्रायव्हरशी रात्रभर बोलत राहिलो, त्याला झोप येऊ नये म्हणून. तू म्हणालीस, बाबा किती बडबड करता.

आता थोडंसंच. खेळासाठी वेगळी चाकं लावशील, तर परत निघण्याआधी नट टॉर्क रेंचने पुन्हा बघ, आणि घराच्या वाटेवर पहिल्या पेट्रोल पंपावर पुन्हा. आम्ही हिंगण्याला हातोडीने ठोकून ऐकायचो. घट्ट नट खणखणीत बोलतो, ढिला नट भद्द. तू रेंचच वापर, तुझ्या कानावर माझा विश्वास आहे पण गर्दीत ऐकू येणार नाही. खेळताना टायरमध्ये हवा वाढवतात म्हणे, कडा लोळू नयेत म्हणून. निघताना ती कमी करून दाराच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढी कर. उन्हाळ्याचे टायर सात अंशांच्या खाली कडक होतात, ऑक्टोबरच्या शेवटी ते काढून टाकायचे, बर्फ पडायची वाट बघायची नाही. आणि संध्याकाळी दमली असशील तर तिथेच कुठे मुक्काम कर. हॉटेलचे पैसे मी देईन. हे लेक्चर नाही.

घरी पोचलीस की एक मिस्ड कॉल दे. तुझे रात्रीचे नऊ म्हणजे माझे सकाळचे साडेसहा, मी उठलेलोच असतो. त्या दिवशी तर असतोच.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, गाडीला मागे सीट आहे का, म्हणजे आम्ही आलो तर बसायचं कुठे. मी आहे म्हणून सांगितलं. केवढी आहे ते सांगितलं नाही.