स्टेला क्रामरिश यांचे नाव का राहून जाते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अजिंठा-वेरूळच्या अभ्यासकांचा परिचय करून देणारा लेख वाचला. जॉन स्मिथ, रॉबर्ट गिल, ग्रिफिथ्स, गुलाम याझदानी आणि वॉल्टर स्पिंक ही नावे त्यात आली आहेत आणि ती यायलाच हवीत. परंतु निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्यासाठी १९३७ साली दख्खनच्या चित्रकलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांचा साधा उल्लेखही त्यात नसावा, याचे नवल वाटले आणि थोडा रागही आला. दोन्ही लेणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती, म्हणजे हे लेखन आपल्याच मुलखाविषयीचे आहे.

क्रामरिश यांचा जन्म १८९६ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील मोरावियामधल्या निकोल्सबर्गचा. व्हिएन्ना विद्यापीठात कला-इतिहासकार स्ट्रझिगोव्स्की यांच्या हाताखाली शिकून त्यांनी भारतातील आरंभीच्या बौद्ध शिल्पांवर प्रबंध लिहिला, आणि तोही भारतात पाऊल न ठेवता. पुढे इंग्लंडमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांशी गाठ पडली, त्यांच्या बोलावण्यावरून त्या शांतिनिकेतनात आल्या आणि सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात घेतले. परदेशी आणि त्यातही तरुण स्त्री असलेल्या या बाईंनी तेथे १९५० पर्यंत भारतीय कला शिकवली, १९२२ मध्ये कलकत्त्यात भरलेल्या, जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेच्या चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी पुढाकार घेतला आणि चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांबरोबर एका कलाविषयक नियतकालिकाचे संपादनही केले.

माझ्यासारख्या चित्रकला शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईला त्यांच्या कामातील दोन गोष्टी विशेष मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राचा, म्हणजे चित्रकलेचे नियम सांगणाऱ्या भागाचा, त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, ज्याची सुधारित आवृत्ती १९२८ साली निघाली. मूर्ती घडवण्याची विद्या मागणाऱ्या वज्र राजाला मार्कंडेय ऋषी सांगतात की चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही, नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन जाणले पाहिजे. स्वतः नृत्य शिकलेल्या क्रामरिश यांना हा क्रम केवळ पोथीतला वाटला नसणार. आपल्याकडे मात्र वेळापत्रक आखताना चित्रकलेचा तास पहिल्यांदा गणिताला दिला जातो, ते असो.

दुसरी गोष्ट अजिंठ्याची. शाळेत आम्ही मुलांना यथार्थदर्शन शिकवतो, म्हणजे जवळचे मोठे, दूरचे लहान, आणि रेषा आत कोठेतरी एका बिंदूला मिळणाऱ्या. तीच नजर घेऊन मुले पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर उभी राहतात आणि ‘बाई, मागचे दगड चुकलेत’ असे सांगतात. क्रामरिश यांनी १९३७ च्या त्या ग्रंथात लिहिले की हे चित्र आत जाणाऱ्या खोलपणाच्या कल्पनेवर बेतलेलेच नाही. त्यातील आकार आत जात नाहीत, ते भिंतीतून पाहणाऱ्याकडे पुढे येतात. पद्मपाणीच्या भोवतीचे खोक्यांसारखे खडक एकदा या दृष्टीने पाहावेत. त्यांच्या कडा आपल्या अंगावर आल्यासारख्या भासतात आणि त्या गर्दीतून खाली झुकलेला तो चेहरा आपोआप पुढे सरकतो. मुलांना हे सांगितले की ‘चुकलेत’ हा शब्द बंद होतो, हा माझा अनुभव आहे. त्याच ग्रंथात त्या वेरूळकडेही वळतात. कैलास लेण्याच्या मंडपाच्या छतावरील चित्रांत अजिंठ्याचा गोलावा ओसरून रेषा टोकदार होते, नाक धारदार दिसू लागते, आणि पुढील काळातील चित्रशैलीची चाहूल लागते. मूर्तींच्या गर्दीत छताकडे मान वर करून पाहणारे विरळाच.

१९४६ साली कलकत्ता विद्यापीठाने दोन खंडांत प्रसिद्ध केलेला हिंदू मंदिरावरील त्यांचा ग्रंथ अधिक गाजला. वास्तुपुरुषमंडलाच्या, म्हणजे मंदिराच्या आखणीमागील चौकोनी आकृतीच्या, चौसष्ट आणि एक्याऐंशी पदांपासून (घरांपासून) शिखरापर्यंत मंदिराचा अर्थ त्यांनी शास्त्रग्रंथांच्या आधारे लावला. येथे एक मतभेद नोंदवते. मंदिर कोणी बांधवले, पैसा कोणाचा, कारागीर कोठले, या प्रश्नांपेक्षा त्यांना तत्त्वज्ञान अधिक जवळचे होते, आणि आमच्या निलंग्याच्या नीलकंठेश्वरापुढे उभे राहिल्यावर हे प्रश्न टाळता येत नाहीत. तरीही त्या मंदिराचा तारकाकृती तलविन्यास (जमिनीवरील आराखडा) का फिरत फिरत पुढे येतो, हे समजून घेण्यासाठी मी त्यांच्याकडेच वळते.

१९५० नंतर त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवू लागल्या आणि फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात भारतीय कलेचा विभाग सांभाळू लागल्या. १९६८ साली त्यांनी खेड्यापाड्यांतील आणि आदिवासींच्या कलेचे प्रदर्शन भरवले, तर १९८१ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, शिवाच्या रूपांचे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९३ मध्ये त्या निवर्तल्या.

माझी विनंती एवढीच की मराठवाड्यातील विद्यापीठांनी आणि कला महाविद्यालयांनी १९३७ च्या ग्रंथातील अजिंठा-वेरूळविषयीची प्रकरणे शालेय शिक्षकांना झेपतील अशा मराठीत, चित्रांसह उपलब्ध करून द्यावीत. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात. त्याआधी पाच-पन्नास पानांची पुस्तिका जरी हाती आली, तरी सोबत जाणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना लेण्यात उभे राहून लेणे क्रमांक आणि शतक यांपलीकडे काही सांगता येईल.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
निलंगा, जि. लातूर