बाबा, तुमचा फोन मी न विचारता उघडला

प्रिय आई-बाबा,

आधी कबुली देते, मग कारणं. मागच्या वेळी आले होते तेव्हा बाबा दुपारी झोपले असताना मी त्यांच्या फोनमधलं हेल्थ अ‍ॅप उघडलं आणि त्यांचं चालणं माझ्या फोनवर दिसेल अशी सोय करून ठेवली. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर "काही गरज नाही" याखेरीज काय ऐकायला मिळालं असतं, तुम्हीच सांगा.

बाबा, तुमचे कॉल, मेसेज, मित्रांच्या ग्रुपवरची भांडणं, यातलं मला काहीही दिसत नाही. फक्त पावलं आणि चालण्याचा वेग. तुमच्या बाजूनं हे केव्हाही बंद करता येतं. (करू नका.)

पावलं कमी दिसत होती, पण ते मी सोडून दिलं. फोन टेबलावर विसरून फिरायला जाणारे तुम्ही! खटकला तो वेग. फोन अंगावर असतानाच तो मोजला जातो. वर्षभर ताशी ४.३ किलोमीटरच्या आसपास असलेली रेघ मार्चच्या मध्यापासून उतरत उतरत ३.५ वर आली. मग औषधांच्या अ‍ॅपमधल्या जुन्या ऑर्डरी काढल्या. ते खातं मीच उघडून दिलं होतं, तेव्हा तिथे माझा थोडा तरी हक्क. रक्तदाबाची नवी गोळी पहिल्यांदा आली ५ मार्चला.

फोनवाल्यांना गोळी माहीत नाही, औषधवाल्यांना चाल माहीत नाही. दोन्ही एका कागदावर आणायला घरचंच कुणी लागतं. इतकी वर्षं आपली नोंद ठेवून या कंपन्या आपल्यालाच जाहिराती दाखवतात, मग आपल्या कामाला ती का येऊ नये? मिळते ती. गूगलचं टेकआउट, म्हणजे त्यांच्याकडची आपली नोंद उतरवून घ्यायची सोय, २०११ पासून आहे. युरोपात तर २०१८ पासून मागितल्यावर साधारण महिन्याभरात द्यावीच लागते, तीही फुकट. मागायचं आपल्याच लक्षात येत नाही.

आई, माझ्या टायफॉइडच्या वेळची गणिताची वही आठवते? शेवटच्या पानावर तू दर चार तासांनी ताप लिहायचीस, रात्री दोनचासुद्धा. डॉक्टरांनी आधी ते पान बघितलं, मग मला. ग्लानीत पेन्सिलीची खरखर ऐकू यायची आणि वाटायचं, आई लिहितेय ना, मग ठीक आहे. परवा बाबांचा आलेख छापताना तेच पान डोळ्यांसमोर होतं.

तर तो आलेख मी डॉक्टरांना पाठवला आहे. गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. गाडी दारात येईल, तिथे लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, सगळं विचारून घेतलंय. गोळीचाच दोष असं मी म्हणत नाही. कदाचित वयानं... म्हणजे गुडघाही असेल. डॉक्टर सांगतील.

तोवर बाबा, गोळी परस्पर बंद करायची नाही. झोपून उठलात की दोन मिनिटं कॉटवर बसायचं, मगच उभं राहायचं. फोन खिशात. आई, मी पाठवलेली फाइल कुणालाही फॉरवर्ड करायची नाही, मावशीलासुद्धा नाही. "तुमच्या रेकॉर्डसाठी ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. आणि "पावलं दाखवा, हप्ता कमी करतो" म्हणणाऱ्या त्या विम्याच्या माणसाला माझा नंबर द्या. आज सूट मिळेलही, पण उद्या हीच रेघ बघून तो काय म्हणेल ते आधी त्याच्याकडून लिहून घेते.

एक राहिलं. काल पहाटे साडेतीनला ४० पावलं दिसली. टॉर्च म्हणून फोन हातात होता वाटतं. झोप लागत नसली तर मला फोन करत जा, बाबा. मी उचलीन.

तुमची,
धाकटी