माझं डोकं कुणी मोजलं होतं, मंत्रीमहोदय?

माननीय परिवहन मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात मी दुचाकीवरून पडले. हेल्मेट घातलं होतं, पट्टा लावला होता, मागे प्रमाणित असल्याचा शिक्काही होता. तरी आपटताना ते मागे सरकलं आणि कपाळ उघडं पडलं. सात टाके पडले.

ते मला कधी नीट बसलंच नव्हतं. आधीचं ५७ सेंटिमीटरचं कपाळावर इतकं दाबायचं की अर्ध्या तासात लाल वळ उठायचा, आणि कानशिलापाशी मात्र दोन बोटं सहज आत जायची. म्हणून एक माप मोठं घेतलं. मग मान वळवली तरी हेल्मेट समोरच! दोन्ही बाजूंना रुमालाच्या घड्या कोंबून वर्षभर चालवलं.

महोदय, घेर म्हणजे आकार नव्हे. ५७ सेंटिमीटर घेराचं एक डोकं वाटोळं असतं, दुसरं लांबट. चाचणीसाठी वापरतात ती नमुन्याची डोकीही मुख्यतः घेरानुसारच लहानमोठी केलेली असतात. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या संशोधकांनी चीनमधल्या सुमारे दोन हजार लोकांची डोकी त्रिमितीय स्कॅनरने मोजली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ती पाश्चात्त्य डोक्यांपेक्षा अधिक गोल, कपाळाला आणि मागे चपटी निघाली. माझी अडचण नेमकी उलट, डोकं लांबट. पण दोघांचं दुखणं एकच: साचा दुसऱ्याच्या डोक्याचा.

केस दाबून बसणारी टोपी घालायची आणि स्कॅनरसमोर बसायचं, एवढंच तर काम आहे. ते का होत नाही? दंडाची पावती फाडायला माणसं मिळतात, मोजायला मिळत नाहीत! हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर संताप येतो. हे संरक्षण ज्याच्या डोक्याला साचा जुळतो त्यालाच पुरतं मिळायचं का? हेल्मेटचंच कशाला, गाड्यांच्या धडक-चाचण्यांतले पुतळेही वर्षानुवर्षं मुख्यतः सरासरी पुरुषाच्या बांध्याचे. आमची मापं कुणी घेतच नाही आणि नियम मात्र आमच्यावर.

बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांची डोकी मोजा. लांबी, रुंदी, कपाळाचा उतार, सगळं. ती मापं हेल्मेट बनवणाऱ्यांना खुली करा आणि घेराच्या आकड्याशेजारी आतला आकारही छापायला लावा.

माझे टाके निघाले आहेत. मोजायला बोलवाल त्या दिवशी येईन.

आपली,
एक दुचाकीस्वार