शेजाऱ्याच्या शेतातून गेलेली पाइपलाइन सातबाऱ्यावर आणा : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

विहीर एका गटात आणि भिजवायचे शेत दोन गट पलीकडे, ही स्थिती वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या गावागावांत आहे. मधल्या शेतातून पाइपलाइन न्यायला शेजाऱ्याची संमती लागते. ती बहुधा तोंडी असते, फार तर नोटरीच्या कागदावर. सलोखा आहे तोवर ती चालते. जमीन विकली गेली की प्रश्न उभा राहतो, कारण १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार जुन्या मालकाने दिलेली नुसती परवानगी नव्या मालकाला बांधून ठेवत नाही. खरेदीदार सातबारा पाहतो. त्यावर लाइनीचा उल्लेख नसतो. मग शेततळ्यासाठी जेसीबी लावला की पाइप फुटतो आणि पलीकडच्याचा ऊस वाळतो. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, म्हणूनच हे भांडण मिटत नाही.

कायद्यात वाट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ प्रमाणे, शेजारी तयार नसेल तर तहसीलदार चौकशी करून पाट किंवा पाइपलाइन नेण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जदाराचा त्या पाण्यावर हक्क असला पाहिजे. सामाईक विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावर नोंदलेला नसला तर गाडी तिथेच अडते. ती नोंद आधी करून घ्यावी, हे अर्ज घेतानाच सांगितले गेले पाहिजे.

पण याच कलमातले आकडे आता मधल्या शेतकऱ्यावर अन्याय करतात. जमिनीखालच्या पाइपाचे वार्षिक भाडे दर १० मीटरला २५ पैसे आहे. ३०० मीटर लाइनीचे वर्षाला साडेसात रुपये होतात. एवढ्यावर कोण आनंदाने शेत खणू देईल? दुसरीकडे, मुद्दाम लाइन फोडणाऱ्याला दंड जास्तीत जास्त १०० रुपये. त्यात फुटलेल्या एका पाइपाची दुरुस्तीही होत नाही. हे दोन्ही आकडे बदलायला विधिमंडळात दुरुस्ती करावी लागेल. ती आपण मांडावी.

खोलीचेही तसेच. संहितेत किमान अर्धा मीटर आहे. बैलाच्या नांगराला ते पुरे होते. आज ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूट-दीड फूट जातो आणि सबसॉयलर, म्हणजे खालचा कडक थर फोडणारे अवजार, त्याहून खाली. पाइपाच्या पाठीवर किमान ९० सेंटीमीटर माती हवी. काळ्या जमिनीत माती फुगते, आकसते, आणि सोल्युशनने चिकटवलेला जोड ओढला जाऊन सुटतो. तिथे रबर रिंगचा जोड किंवा एचडीपीई या लवचिक प्लास्टिकची सलग नळी बरी. खडकात पाइपाखाली चार बोटे बारीक मातीची गादी लागतेच. वीज अचानक गेली की चढावरचे पाणी मागे धावते आणि त्या दणक्याने दर चौरस सेंटीमीटरला चार किलो दाब सोसणाऱ्या स्वस्त पाइपाचा जोड उडतो, तोही शेजाऱ्याच्या उभ्या पिकात. म्हणून किमान सहा किलोचा पाइप, पंपाजवळ एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारी झडप) आणि चढाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह (हवेची झडप) या अटी आदेशातच घालाव्यात. ‘इतर योग्य अटी’ घालण्याचा अधिकार तहसीलदारांना आजही आहे, त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही.

चर बुजवण्यावरून तर सगळ्यात जास्त कटुता येते. जेसीबी वरची सुपीक माती आणि खालचा मुरूम एकाच ढिगात टाकतो, बुजवताना मुरूम वर येतो, आणि त्या पट्ट्यातले पीक पिवळे पडत राहते. माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला काढायचा. जोड न बुजवता आधी पंप चालवून गळती बघायची, मग मुरूम खाली आणि माती वर, अशी भरणी करायची. पहिल्या पावसाळ्यात चर खचते. तिची फेरभरणीही लाइनवाल्याच्याच खर्चाने झाली पाहिजे.

आज मिळणारे आदेश मात्र ‘पाइपलाइन नेण्यास परवानगी देण्यात येते’ एवढ्यावर संपतात. कोणत्या हद्दीच्या दगडापासून किती मीटरवर लाइन शेतात शिरते, कुठून बाहेर पडते, लांबी, व्यास, खोली, काम पीक निघाल्यावर कोणत्या महिन्यात करायचे, भरपाई किती, यातले काही नसते. पंचनामाही तसाच मोघम. कलमात जवळच्या मार्गाचा आग्रह आहे, पण आमच्या मते बांधालगत, हद्दीपासून दोन-तीन फूट आत नेलेली लाइन थोडी लांब पडली तरी नांगरापासून वाचते. शिवाय लाइनीतले जादा पाणी दर ठरवून वापरण्याचा हक्क मधल्या शेतकऱ्याला याच कलमाने दिला आहे. त्याला हे नोटिशीतच कळवा. त्याच्या शेतात एक व्हॉल्व्ह बसला तर अर्ध्या हरकती आपोआप मागे घेतल्या जातील.

अशा आदेशावर अपील नाही. जिल्हाधिकारी प्रकरण मागवून तपासू शकतात, इतकेच. म्हणजे तहसील पातळीवरचा आदेश पहिल्यांदाच नेटका असणे भाग आहे.

शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा निर्णय आपल्या विभागाने २०२५ मध्ये घेतला. तोच नियम कलम ४९ च्या प्रत्येक आदेशाला लावा आणि गट नकाशावर लाइनीची रेघ ओढा. परस्पर संमतीने टाकलेल्या जुन्या लाइनींसाठी, दोन्ही खातेदारांनी सही केलेला अर्ज आणि स्थळपाहणी एवढ्यावर फेरफार मंजूर करण्याची मुदतबंद मोहीम घ्या. ती या उन्हाळ्यातच सुरू व्हावी. तेव्हा शेते मोकळी असतात आणि लाइन कुठून गेली आहे हे दाखवणारी जुनी माणसे अजून गावात आहेत.

आपले,
पाइपलाइनची कामे करणारे आणि शेती कसणारे काही नागरिक