हप्त्यांचा साचा आणि ज्वारीचा हंगाम

महोदय,

आर्थिक वर्ष संपत आले की महिला बचत गटांना यंदा किती कोटींचे कर्ज वाटले याच्या बातम्या जिल्हा पुरवण्यांमधून नेमाने येतात. त्यांत गटांची संख्या असते, उद्दिष्टाची टक्केवारी असते आणि वसुली किती चोख आहे याचे कौतुकही असते. ज्या घरगुती धंद्यासाठी कर्ज घेतले, तो धंदा दोन वर्षांनी वाढला की होता तेवढाच राहिला, हे मात्र त्या बातम्यांवरून कळत नाही, कारण तशी नोंद कोणी ठेवतच नाही. सोलापूर जिल्ह्यातील ग्रामीण शाखांमध्ये नोकरी करून आता मंगळवेढ्यात स्थायिक झालेला निवृत्त शाखाधिकारी या नात्याने मला याबाबत एकच मागणी मांडायची आहे. छोट्या कर्जाचा आकडा वाढवण्याआधी त्याच्या परतफेडीचा साचा बदलावा आणि हंगामी धंदा करणाऱ्या गटांना ठरावीक हप्त्यांच्या मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट, म्हणजे भरलेले पैसे पुन्हा उचलता येणारे कर्जखाते, द्यावे.

छोट्या कर्जाने काही साधत नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने १९९२ साली पाचशे गटांपासून बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा तारण नसलेल्या बाईला बँक दारातही उभी करत नव्हती. घरात आजारपण आले किंवा बियाणे घ्यायचे झाले की सावकार, नाहीतर किराणा दुकानदाराची वही, एवढेच दोन मार्ग होते. माणदेशात म्हसवडला १९९७ साली महिलांची सहकारी बँक उभी राहिली. तिच्या प्रवर्तक महिला निरक्षर आहेत या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता, आणि त्याच महिलांनी पुढे परवाना मिळवून दाखवला, हा इतिहास आमच्या भागात अनेकांना ठाऊक आहे. दारात जाऊन बचत आणि हप्ते गोळा करण्याची त्या बँकेची पद्धत पाहिली की एक गोष्ट पटते. बाजारच्या दिवशी हातात पैसा येणाऱ्या बाईला बँकेची वेळ सोयीची नसेल, तर बदलायला हवी ती बँकेची वेळ. माझी तक्रार एवढीच आहे की हे शहाणपण कर्जाच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचलेले नाही.

उदाहरण आमच्याकडच्याच कडक भाकरीचे घेतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि कडक भाकरी व शेंगदाण्याची चटणी पाकिटांत भरून पुण्या-मुंबईला जाऊ लागली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. या धंद्यातील बहुतेक घटक घरगुती आहेत. सासू पीठ मळते, सून भाकरी थापते, मुलगा पाकिटे बंद करून एसटीच्या पार्सलला देतो आणि कर्ज असते सुनेच्या नावावर, बचत गटातून घेतलेले. या धंद्याचे आर्थिक गणित एका गोष्टीवर अवलंबून आहे. रब्बीची मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरून बाजारात येते, तेव्हा ती स्वस्त असते. त्या पाच-सहा आठवड्यांत ज्याने वर्षाची ज्वारी भरून ठेवली, त्याला भाकरी परवडते. ज्याला ते जमले नाही, तो पावसाळ्यात चढ्या भावाने पोत्या-पोत्याने ज्वारी आणतो आणि वर्षभर राबून मजुरीच काय ती सुटते. म्हणजे या घराला पैसा लागतो तो मार्चमध्ये, एकदम आणि दर वर्षी. परत येतो तो मात्र थोडा थोडा, आषाढी वारी, दिवाळी आणि लग्नसराई यांच्या चढउतारानुसार.

आता या घराला आपण काय देतो ते पाहा. गटाकडून त्या सुनेला पन्नास हजार रुपये मिळाले, व्याज सात टक्के आणि मुदत चोवीस महिने, असे धरू. हप्ता साधारण २,२४० रुपये बसतो. पहिल्या मार्चला तिने ज्वारी भरली, धंदा नीट चालला आणि एकही हप्ता चुकला नाही. दुसरा मार्च उजाडला तेव्हा तिने सुमारे सत्तावीस हजार रुपये भरलेले आहेत आणि जवळजवळ सव्वीस हजारांची बाकी शिल्लक आहे. भरलेले पैसे तिला पुन्हा उचलता येत नाहीत, कारण ते मुदत कर्ज आहे. जुने कर्ज फिटल्याखेरीज नवे मिळत नाही. ज्वारी मात्र तिला पहिल्या वर्षाइतकीच भरायची आहे, आणि धंदा वाढवायचा असेल तर त्याहून जास्त. थोडक्यात, कर्ज जितके प्रामाणिकपणे फेडावे तितका तिचा धंदा भांडवलावाचून कोरडा पडत जातो. या अवस्थेला आपण वसुलीच्या तक्त्यात ‘उत्कृष्ट’ असा शेरा देतो.

आणि नेमक्या याच वेळी मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस दारात उभा असतो. त्याच्याकडे कर्ज चार दिवसांत मिळते, कागदपत्रे नावालाच लागतात. व्याज मात्र चोवीस टक्क्यांच्या आसपास आणि हप्ता आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा. त्याच पन्नास हजारांना दोन वर्षांत या दराने तेरा हजारांहून अधिक व्याज जाते. गटाच्या कर्जाला ते पावणेचार हजारांच्या आत असते. काही खासगी सावकार आणि वस्तू हप्त्याने विकणारे ‘महिन्याला फक्त एक टक्का’ असे सांगतात, पण तो एक टक्का मूळ रकमेवर शेवटपर्यंत लावलेला असतो. घटत्या बाकीवर मोजला तर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो, हे कर्ज घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. मग गटाचा हप्ता कंपनीच्या पैशातून आणि कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या पैशातून, अशी याची टोपी त्याच्या डोक्यावर सुरू होते. शंभर टक्के वसुलीच्या बातमीमागे हे किती प्रमाणात असते हे बँकेतल्या माणसांना माहीत असते. मीही ते अनेक खात्यांवर पाहिले आहे.

नियामकांचे याकडे लक्ष नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या चौकटीत वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असा दंडक घातला आहे. हप्ता किती दिवसांचा असावा याबाबत कर्जदाराच्या गरजेनुसार लवचीकता ठेवावी, हेही त्याच चौकटीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर अवाजवी व्याजाच्या कारणावरून चार वित्तसंस्थांचे नवे कर्जवाटप काही काळ थांबवले गेले. हे सगळे योग्यच झाले. पण ती बाई दुसऱ्या मार्चला कंपनीकडे का गेली, या प्रश्नाला त्याने हात लागत नाही. कंपनीची वाट बंद केली आणि बँकेची उघडली नाही, तर तिसरी वाट गावच्या सावकाराकडे जाते, मग २०१४ चा सावकारी नियंत्रण कायदा कितीही कडक असो.

गंमत अशी की बँकेची वाट कागदावर आधीच उघडी आहे. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील, म्हणजे आपल्याकडील ‘उमेद’मधील, गटांच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे जे एकत्रित परिपत्रक आहे, त्यात दोन पर्याय दिलेले आहेत. एक, मुदत कर्ज: पहिल्या वेळी किमान दीड लाख, दुसऱ्या वेळी किमान तीन लाख, असे टप्प्याटप्प्याने. दुसरा, कॅश क्रेडिट: पात्र गटाला किमान सहा लाखांची मर्यादा तीन वर्षांसाठी मंजूर करायची आणि दर वर्षी गटाच्या परतफेडीनुसार उचल करण्याची मर्यादा वाढवत न्यायची. यात भरलेले पैसे पुन्हा काढता येतात आणि व्याज लागते ते प्रत्यक्ष उचललेल्या रकमेवर, उचललेल्या दिवसांपुरतेच. दहा लाखांपर्यंत गटाकडून तारण मागायचे नाही, हाही नियमच आहे. कडक भाकरीच्या धंद्याला यापेक्षा सोयीचा कपडा कोणी शिवू शकणार नाही. तरीही शाखांमध्ये गटांच्या बहुसंख्य फायली मुदत कर्जाच्याच का निघतात, हे मी आतून पाहिलेले असल्याने सांगतो.

पहिले कारण मनुष्यबळाचे. तीन-चार माणसांच्या ग्रामीण शाखेत मुदत कर्ज सोपे पडते, कारण हप्ता संगणक पाडतो, थकला की यादीत नाव येते आणि शाखाधिकाऱ्याला वर्षभर त्या फायलीकडे पाहावे लागत नाही. कॅश क्रेडिटचे खाते मात्र जिवंत ठेवावे लागते. वर्षातून एकदा मर्यादेचा आढावा घ्यायचा, खात्यात पैसे येतात-जातात की नाही हे पाहायचे, गटाच्या सचिव ताईंशी बोलायचे. दुसरे कारण अनुभवाचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अनेक गटांनी कॅश क्रेडिट मिळताच पूर्ण मर्यादा एका दिवसात उचलली, दहा जणींत सारखी वाटून टाकली आणि मग खात्याकडे फिरकूनही पाहिले नाही. सलग नव्वद दिवस खात्यात जमा नसली की ते खाते अनियमित ठरून थकीत होते, हे त्यांना कोणी समजावले नव्हते. दोष गटांचा होता तसा बँकेचाही होता. ज्या शाखाधिकाऱ्याने असे एक खाते थकलेले पाहिले, तो पुढचे वीस प्रस्ताव मुदत कर्जाचेच पाठवतो.

सारखी वाटणी हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. गटातील दहा जणींपैकी धंदा करणाऱ्या तिघी-चौघी असतात. बाकीच्यांना पैसा लागतो तो मुलीच्या फीला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला. या गरजा खऱ्या आहेत आणि त्यांसाठी गटाच्या स्वतःच्या बचतीतून अंतर्गत कर्ज देणे हाच गटाचा मूळ हेतू होता. परंतु ज्वारी भरणाऱ्या बाईची गरज आणि पत्रे बदलणाऱ्या बाईची गरज एकाच हप्त्याने मापली, तर दोघींचेही नुकसान होते. भांडण नको म्हणून सारखे वाटा, हा गटांतला रिवाज समजण्यासारखा आहे. पण तो मोडण्याचे धैर्य ग्रामसंघाने, म्हणजे गावातील गटांच्या संघाने, आणि गट व बँक यांच्यातला दुवा असलेल्या बँक सखीने गटाला द्यायला हवे. गटाच्या कर्जाच्या गरजांचा सूक्ष्म पतआराखडा करताना कोणाचा धंदा कोणत्या महिन्यात पैसा मागतो आणि कोणत्या महिन्यात देतो, हे दोन रकाने भरले तरी पुष्कळ होईल. आज तो आराखडा बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवला जातो.

यंत्रांविषयीही थोडे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत पस्तीस टक्के, कमाल दहा लाख रुपये, अनुदान मिळते आणि त्यातून भाकरी करण्याची व पाकिटे बंद करण्याची यंत्रे आमच्या भागातही आली. गटातील सदस्यांना खेळत्या भांडवलासाठी प्रत्येकी चाळीस हजारांपर्यंत बीज भांडवलही त्यात आहे. पण यंत्राने रोजची क्षमता वाढली की ज्वारीही त्या पटीत भरावी लागते, आणि एकदाच मिळालेले बीज भांडवल दुसऱ्या हंगामापर्यंत उधारीत अडकून पडलेले असते, कारण शहरातला दुकानदार माल विकला गेल्यावर पैसे देतो. यंत्रासाठी मुदत कर्ज योग्यच आहे. त्याच्या जोडीला ज्वारीसाठी फिरते खाते नसेल, तर यंत्र आठवड्यातले तीन दिवस बंद राहते.

म्हणून जिल्ह्यातील बँकांचा समन्वय पाहणारी जिल्हा अग्रणी बँक, ‘उमेद’चा जिल्हा कक्ष आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांना माझी विनंती आहे. जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या बैठकीत गटांच्या कर्जाचा आढावा घेताना वाटपाच्या रकमेबरोबर आणखी तीन आकडे मागवावेत: किती गटांना कॅश क्रेडिट मंजूर झाले, त्यांपैकी किती खात्यांत वर्षातून एकाहून अधिक वेळा उचल व भरणा झाला, आणि किती गटांची मर्यादा आढाव्यानंतर वाढवली गेली. हे आकडे शाखांच्या संगणकात आहेत, नव्याने गोळा करावे लागणार नाहीत. तालुक्यातील दोन-तीन शाखा निवडून, तेथील हंगामी धंदा करणाऱ्या जुन्या आणि नीट हिशेब ठेवणाऱ्या गटांची मुदत कर्जे याच वर्षी कॅश क्रेडिटमध्ये बदलून द्यावीत आणि त्या गटांच्या हिशेबनीस ताईंना खाते चालते कसे ठेवायचे याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण शाखेतच द्यावे. प्रस्ताव मंजुरीला दोन महिने लागतात हे गृहीत धरले आणि फेब्रुवारीत ज्वारी बाजारात येण्यापूर्वी हे व्हायचे असेल, तर फायली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाखेतून निघायला हव्यात.

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी,
मंगळवेढा, जि. सोलापूर