विषय : नुसते व्याजदर पाहायला गेलो, तर नावावर सहा कर्जचौकश्या पडल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

घरावर एक मजला चढवायचा आहे, त्यासाठी ८ लाखांचं गृहकर्ज हवं. कोण किती टक्क्यांनी देतं एवढंच बघायला मी जेवणं उरकल्यावर आपलं ॲप उघडलं. पॅन, मोबाइल, ओटीपी आणि ‘दर पाहा’ असं हिरवं बटण. दर काही दिसले नाहीत. ‘आमचे प्रतिनिधी संपर्क साधतील’ एवढंच आलं.

सकाळी दाढी करताना फोन वाजायला लागला. दहा वाजेपर्यंत सहा एसएमएस : अमक्या संस्थेने आपला क्रेडिट रिपोर्ट (कर्ज आणि परतफेडीची नोंद) पाहिला. त्यातल्या दोघांची नावंही मी कधी ऐकली नव्हती. (रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये असे एसएमएस पाठवायला लावले म्हणून हे कळलं तरी. आपल्याकडून अवाक्षर नाही.)

महिन्याभराने रिपोर्ट काढला. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिला तर स्कोअर, म्हणजे त्या नोंदीवरून मिळणारे गुण, घटत नाही. कर्जाच्या अर्जावरून सावकार संस्थेने पाहिला की घटू शकतो. चौकश्यांच्या पानावर एकाच तारखेच्या सहा ओळी, प्रत्येकीपुढे ८ लाख, आणि प्रकार ‘पर्सनल लोन’! वाचणाऱ्याला वाटणार, हा माणूस एका दिवसात ४८ लाख मागत दारोदार फिरला. स्कोअर ७७४ वरून ७५१.

बँकेतल्या साहेबांनी ते पान माझ्याकडे फिरवलं आणि विचारलं, “काही अडचण आहे का घरात?” ओशाळायला झालं. त्यांच्याकडे ७७० च्या खाली पाव टक्का जादा. दहा वर्षांत साधारण १३ हजार रुपये.

आपल्या कस्टमर केअरचं उत्तर : “सर, तुम्ही संमती दिलीत.” बटणाखाली राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत ती होती खरी. पण मंडईत भाव विचारला म्हणून कोणी पाटी घरी पोचवत नाही. दर विचारणं म्हणजे अर्ज नव्हे, आणि सहा ठिकाणी तर नव्हेच. “चार-सहा महिन्यांत स्कोअर आपोआप सुधारेल,” असंही त्या ताई म्हणाल्या. मला पावसाआधी स्लॅब टाकायचाय.

क्रेडिट ब्युरो, म्हणजे हे रिपोर्ट ठेवणारी कंपनी, अशी नोंद परस्पर काढत नाही, संबंधित संस्थेचा होकार लागतो. तेव्हा त्या सहाही संस्थांना, मी अर्ज केलेला नाही आणि या चौकश्या मागे घ्याव्यात, असं आपणच लेखी कळवा आणि प्रत मला द्या. माझा पॅन आणखी कुणाला दिलात तेही सांगा. आणि ते बटण ठेवायचंच असेल तर त्यावर ‘सहा ठिकाणी अर्ज करा’ असं लिहा.

तीस दिवस वाट पाहीन, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. त्या सहा संस्थांना मी वेगळं लिहिलं आहेच.

आपला,
(नाव आणि नंबर आपल्याकडे आहेच, सहा जणांना दिलाय)

सोबत : सहा एसएमएसचे स्क्रीनशॉट, रिपोर्टचं चौकश्यांचं पान