सोनूचं मनगट

प्रिय बाळ,

सोनूचं नक्की काय झालं, हे तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी फोन बाबांच्या हातात दिला. तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहिते आहे.

शस्त्रक्रियेचा निर्णय चुकीचा नव्हता. गिळताना घास श्वासनलिकेत जायचा, त्यातून वर्षात तीनदा न्यूमोनिया झाला. पोटातून थेट जठरात नळी बसवली की हा धोका कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले आणि मलाही पटलं. सही मीच केली.

दुसऱ्या दिवशी नळीतून फीड, म्हणजे पातळ अन्न, सुरू केलं. भेटीच्या वेळेत मी गेले, तर तो डावं मनगट चावत होता. दातांचे वळ उठलेले, कातडी पांढरी पडलेली. राग आला की तो डोकं आपटतो. मनगट चावतो ते दुखतं तेव्हाच. मी सिस्टरना सांगितलं. "सेरेब्रल पाल्सीची मुलं असं करतातच," त्या म्हणाल्या. संस्थेतून सोबत आलेला मुलगा नवा, त्या बिचाऱ्याला काय कळणार? पोटाला हात लावला तर फळीसारखं घट्ट. मेंदूच्या त्या आजारामुळे त्याचे हातपाय एरवीही ताठच, म्हणून पोटही तसंच असणार, असं धरून चालले सगळे.

नळी जागची सरकली होती. फीड जठराऐवजी पोटाच्या पोकळीत झिरपत राहिलं. आधी पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाला सूज, मग सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे सगळ्या शरीरावर आलेलं जिवावरचं संकट.

नळी बसवल्यावर पहिल्या 72 तासांत फीड देताना दुखलं, तर ते तिथल्या तिथे थांबवून मोठ्या डॉक्टरांना बोलवायचं असतं. हे मला नंतर समजलं. न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं मोजायची 'फ्लॅक' नावाची पट्टीही असते. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. सुधारित पट्टीत तर आईवडिलांना विचारून त्या मुलाच्या खास खुणा लिहून घेतात. आपल्याला कुणी विचारलंच नाही गं.

मी सांगूनही फीड आणखी अकरा तास चालू होतं. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

फीडचा तक्ता आणि नाडी-तापाच्या नोंदी मी मागितल्या आहेत. गुरुवारी रुग्णालयाशी बैठक आहे. तिथे ते 'गुंतागुंत' म्हणतील. नळी सरकली, ती गुंतागुंत, मान्य. पुढच्या अकरा तासांना मी तो शब्द लावू देणार नाही.

त्याची दाढ दुखत होती तेव्हा तू मनगटाचा फोटो काढला होतास. तो शोधून ठेव. आणि गुरुवारी ये. बाबांच्यानं तिथे बोलवणार नाही.

तुझी,
आई